ओट्यापाशी रेंज नाही

सुरतेत राहतो असं सांगितलं की महाराष्ट्रातला पाहुणा एकच विनोद करतो. 'काय, महाराजांनी काही शिल्लक ठेवलंय का तिथे?' १६६४ आणि १६७० ही दोन सालं त्याला पाठ असतात, सुरतेबद्दल बाकी काही ठाऊक नसतं. तीस वर्षं ऐकतोय हा विनोद. अजून हसतो, कारण पाहुणा आहे. त्याच्यापुढे लोचोची बशी ठेवतो, वर शेव, कांदा, तेल. मग तो दुसरा प्रश्न टाकतो आणि तो मात्र अगदी गंभीरपणे. 'वायफायचा पासवर्ड?'

पासवर्ड द्यायला आम्ही खळखळ करत नाही. हॉलमधल्या सोफ्यावर पाहुणा तृप्त होतो. जेवण झाल्यावर हात धुवायला मागे जातो आणि फोन छताकडे उंच धरून परत येतो. 'गेलं हो.'

जाणारच. आमच्या घरात नेट हॉलमध्ये बसतं, मागे स्वयंपाकघरात फिरकत नाही. जुन्या घरांतल्या पुरुषांसारखं.

घर डिंडोलीत. ज्यांना सुरत फक्त हिऱ्यांमुळे आणि साड्यांमुळे माहीत आहे त्यांच्यासाठी सांगतो, उधना, लिंबायत, डिंडोली हा सुरतेतला खानदेश. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं ताप्ती व्हॅली रेल्वेच्या रुळारुळानं इकडे आली आणि लूम, मिल, मार्केट यांत मुरली. इथं भाजीवालीशी अहिराणीत घासाघीस होते, बिल गुजरातीत मिळतं आणि भांडण हिंदीत होतं. आमचं घर इथल्या रिवाजाप्रमाणे रो-हाउस. समोरून तेरा फूट, आत पंचेचाळीस. पुढे ओटला, मग हॉल, मधे जिना, मागे स्वयंपाकघर, त्याच्याही मागे धुण्याभांड्याची जागा. दोन्ही अंगांच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. वर दोन मजले, त्यावर गच्ची. आगगाडीचे डबे एकावर एक रचावेत तसं हे घर. पहिल्या बाकावर इंजिनाची शिट्टी ऐकू येते, शेवटच्या बाकावरच्याला गाडी सुटल्याचंही कळत नाही.

हे घर बांधलं तेव्हा पीओपीच्या छतातलं नक्षीकाम ठरवायला आम्हाला तीन आठवडे लागले. टाइल्ससाठी दोन रविवार दुकानात घालवले. बाथरूमच्या नळाची मूठ गोल की चौकोनी, यावर घरात अबोला झाला. पुढे नेट घेतलं तेव्हा राऊटरची जागा ठरायला अकरा मिनिटं लागली. कंपनीचा पोरगा आला, खांबावरून वायर ओढली, ओटल्याच्या वरून आत घेतली, भिंतीला भोक पाडलं आणि म्हणाला, 'काका, टीवी यहाँ है ना? तो यहीं रखता हूँ.' मी मान डोलावली. ड्रिल मशीनची वायर जिथवर पोहोचली, तिथे आमच्या घरातलं एकविसावं शतक खिळ्यावर टांगलं गेलं.

आई म्हणाली, 'हाऊ डबा काय कामना शे?' काय कामाचा आहे ते सांगितलं. तिनं त्याला हळदीकुंकू लावलं. तांत्रिकदृष्ट्या त्या दिवशी डब्याची झालेली ती एकमेव योग्य काळजी. कारण पुढची चूक माझी. पांढरा डबा, हिरवे दिवे, वर दोन शेपट्या, हॉलच्या शोभेला ते बरं दिसेना. मी तो उचलून टीव्हीच्या मागच्या शोकेसमध्ये सारला. पुढे पंचावन्न इंची टीव्ही, मागे आरसा लावलेली पाठ, शेजारी पितळी समई आणि मुलीच्या शाळेतल्या ढाली. १६६४ साली सुरतेचा मोगल अंमलदार इनायतखान शहर वाऱ्यावर सोडून किल्ल्यात दडून बसला होता. आमचा राऊटर तीन वर्षं शोकेसमध्ये बसला. शहराचं काय झालं ते दोन्ही वेळा सारखंच.

तीन वर्षं कुणी तक्रार केली नाही, असं मी लोकांना सांगत असे. हे खोटं आहे. तक्रार होती. बायकोनं घरूनच साड्या विकायला सुरुवात केली होती. सुरतेत हे नवल नाही. रिंग रोडच्या मार्केटमधून माल उचलायचा, फोटो काढायचे, व्हिडिओ काढायचे आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर टाकायचे. जळगावची वहिनी, पुण्याची मावसबहीण, तिच्या सोसायटीतल्या बारा जणी. दुपारी भांडी झाल्यावर तिचं दुकान स्वयंपाकघरात उघडायचं, कारण साड्यांचे गठ्ठे मागच्या कपाटात. पदर उलगडून केलेला दीड मिनिटाचा व्हिडिओ. पाठवला की गोल चक्र फिरत राही. मग ती फोन घेऊन जिन्यापर्यंत येई, मग हॉलमध्ये, आणि हॉलमध्ये मी क्रिकेट बघत असल्यामुळे ओटल्यावर. भर उन्हात ओटल्यावर उभी राहून ती पैठणीछाप सिंथेटिकचे व्हिडिओ पाठवत असे. समोरच्या बेन तिला एकदा हळूच म्हणाल्या, 'घरमां कंई झगडो थयो छे?'

मी काय केलं? जो बाप्या बिल भरतो तो करतो तेच. प्लॅन वाढवला.

शंभरचा तीनशे केला. फोनवरच्या मुलीनं अभिनंदन केलं. इथं एक शुद्ध व्यापारी गंमत आहे, ती सुरती माणसाला तरी कळायला हवी होती. जाहिरातीतले शंभर हे मेगाबिट. फाइल मोजली जाते ती मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे शंभरच्या लाइनवर उत्तम दिवशी सेकंदाला साडेबारा मेगाबाइट उतरणार. कापड वारावर मागायचं आणि ते इंचात मोजून मिळायचं, असा हा प्रकार. पण त्यात फसवणूक नाही, छोट्या अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं. आणि दुसरी गोष्ट, कंपनीचे तीनशे त्या डब्यापर्यंतच. डब्यापासून स्वयंपाकघरातल्या ओट्यापर्यंतचे चाळीस फूट तुमचे तुम्ही.

टीव्हीसमोर मोजलं. दोनशे नव्वद. छाती फुगली. तसाच चालत मागे गेलो आणि ओट्यापाशी मोजलं. तीन. दूरसंचार खात्यानं २०२३ च्या जानेवारीत ब्रॉडबँडची व्याख्या सुधारली, किमान २ एमबीपीएस वेग हवा. त्याआधी ५१२ केबीपीएसलाही ब्रॉडबँडच म्हणत. म्हणजे सरकारदरबारी आमच्या स्वयंपाकघराला अगदी रीतसर ब्रॉडबँड होतं. बायकोला ही आनंदाची बातमी सांगितली. तिनं हातातली पळी खाली ठेवली नाही, एवढंच इथं नोंदवतो.

तीनशे जातात कुठे, हा प्रश्न मग मला पडला. मराठी माणसाला प्रश्न पडला की तो आधी शेजाऱ्यावर संशय घेतो. पासवर्ड बदलला. काही फरक पडला नाही, फक्त वरच्या मजल्यावरचा भाचा दोन दिवस बोलला नाही.

खरे चोर घरातच होते. पहिला चोर स्लॅब आणि बीम. सिमेंटमधून लहर कशीबशी जाते, पण आत सळ्यांची जाळी असते आणि धातू तिला परतवतो. दुसरा चोर आरसा, कारण त्याच्या पाठीवरचा मुलामाही धातूचाच. तिसरा पाणी. जिन्याशेजारच्या बाथरूममध्ये भरलेले दोन पिंप, आणि पाणी लहर पिऊन टाकतं. मायक्रोवेव्हवर माझा दाट संशय होता. तो चालू असताना २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे वायफायच्या अगदी अंगणात. पण आमच्याकडे त्याचा उपयोग भाकरीची टोपली ठेवायला होतो, म्हणून तो निर्दोष सुटला.

आणि महाचोर, आईची मांडणी.

मांडणी म्हणजे काय ते खानदेशात सांगावं लागत नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर छताला टेकलेली स्टीलची फळकुटं, त्यावर ओळीनं ताटं उभी, वाट्या उतरंडीनं, खाली डबे, बाजूला पेल्यांची पलटण. आईची मांडणी अमळनेरहून रेल्वेनं आली आहे. सोळा ताटं, त्यांत घरात रोज लागतात पाच. बाकीची अकरा उभी आहेत ती भिंत धरून, आणि ती भिंत नेमकी जिना आणि स्वयंपाकघर यांच्या मधली. हॉलमधून निघालेली लहर शोकेसमधून कशीबशी सुटते, टीव्हीला वळसा घालते, जिन्याशेजारच्या पिंपांपाशी अर्धमेली होते आणि मग समोर अकरा ताटांची ढालपट्टी. मावळेही थबकले असते.

कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये १८९५ साली जगदीशचंद्र बोसांनी बिनतारी लहर सोडून पलीकडच्या खोलीतली घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू उडवली. मधे भिंती होत्या. बंगालचा लेफ्टनंट गव्हर्नर समोर होता आणि लहर त्याच्याही अंगातून गेली, असं सांगतात. सव्वाशे वर्षं उलटली. लाटसाहेबाच्या पोटातून आरपार जाणारी विद्या आमच्या स्वयंपाकघरात ठेचकाळली. बोसांचं नशीब, टाउन हॉलमध्ये मांडणी नव्हती.

'मांडणी हालाव नही,' आईनं निकाल दिला. त्यावर अपील नसतं.

मग मी तोफा वळवल्या. राऊटरच्या दोन्ही शेपट्या वाकवून त्यांची टोकं बरोब्बर स्वयंपाकघराकडे रोखली, जणू टोकातून गोळा सुटणार आहे. रेंज आणखी घटली. अँटेना टोकातून लहर फेकत नाही, अंगातून फेकते. मेदूवड्याच्या भोकात काडी उभी करा. काडी म्हणजे अँटेना, वडा म्हणजे लहर. चहूकडे पसरते, टोकाच्या दिशेला जवळजवळ काहीच नाही. म्हणजे मी आठवडाभर स्वयंपाकघराच्या दिशेला वड्याचं भोक दाखवत होतो. शेपटी सरळ उभी असली की मजला सांभाळते. वरच्या मजल्याला थोडं द्यायचं असेल तर दोनांतली एक आडवी करावी. हे राऊटरच्या खोक्यातल्या घडीच्या कागदावर चित्रासकट छापलेलं असतं. तो कागद आम्ही घडी घालून पाट्याखाली सरकवला होता, पाटा डुगडुगत होता म्हणून.

पुढची पायरी एक्स्टेंडर. चौदाशे रुपये. प्लगात खोचायचा, दिवा लागतो, संपलं. दुकानदारानं विचारलं, 'रेंज कुठे येत नाही?' म्हटलं, ओट्यापाशी. 'मग ओट्यापाशीच लावा.' लावला. फोनमध्ये पाचही रेघा भरल्या. बायकोनं पहिल्यांदा माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. व्हिडिओ पाठवला. चक्र फिरत राहिलं.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. फोनच्या रेघा सांगतात ते एक्स्टेंडर किती जोरात ओरडतोय एवढंच. त्याच्या कानावर काय पडतंय ते त्या सांगत नाहीत. ओट्यापाशी मुळात तीन येत होते. त्याच एका रेडिओवरून त्यानं ते आधी ऐकायचे आणि मग पुन्हा बोलायचे, म्हणजे वेळ दुप्पट, वेग निम्मा. तिनाचे दीड झाले, रेघा मात्र पाच. ही वस्तू लावायची तर जिथे रेंज अजून जिवंत आहे अशा मधल्या जागी, वाटेत. मेल्यानंतर गंगाजल देण्यात पुण्य असेल, उपचार नाही.

आता थोडं शेजाऱ्यांविषयी. सामाईक भिंतींच्या सोसायटीत फोन उघडला की वायफायची नावं भजनी मंडळासारखी खाली उतरतात. आमच्या हॉलमधून तेवीस दिसतात. देवांची सात, आडनावांची नऊ, 'पासवर्ड नहीं मिलेगा' दोन, बाकी कंपनीनं दिलेले आकडे. २००५ च्या जानेवारीत सरकारनं २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला, तेव्हापासून हे गावजेवण आहे. कुणीही यावं, पाट मांडावा. पण पंगतीत जागा किती? चॅनेल तेरा छापलेले आहेत, मात्र एकमेकांच्या अंगावर न रेलता बसतील असे तीनच, १, ६ आणि ११. तेवीस घरं, तीन पाट. उधना-जळगावच्या पॅसेंजरला दिवाळीत जनरलच्या डब्यात जे होतं तेच. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असतो, वेगही तिथे. २०१८ मध्ये सरकारनं त्यातही भरपूर जागा खुली केली. पण ती लहर आखूड, जेमतेम सहा सेंटीमीटरची, भिंतीपुढे लवकर दमते. एकूण निवड अशी, गर्दीत बसून मागच्या खोलीपर्यंत जायचं, किंवा एसी डब्यात बसून जिन्यापाशी उतरायचं.

उजवीकडचे शेजारी हिऱ्यातले. त्यांनी सल्ला दिला, 'मेश लगाडी दो ने, भाई.' त्यांच्याकडे तीन डबे आहेत, प्रत्येक मजल्यावर एक, अंड्यासारखे गुळगुळीत. मेश ही वस्तू वाईट नाही. सगळ्या घराला एकच नाव, फोन जिना चढला की आपोआप वरच्या डब्याला चिकटतो. पण ते डबे आपापसांत बोलतात तेही हवेतूनच, आणि मधे तोच स्लॅब. हवेवर चालणारं मेश स्लॅबाआड ठेवलं तर तो आपला एक्स्टेंडरच, फक्त इस्त्रीचा शर्ट घातलेला. शेजाऱ्यांना तिसऱ्या मजल्यावर रेंज नाही. ते कुणाला सांगत नाहीत, कारण पैसे गेलेत. मी विचारलं तर म्हणाले, 'उपर कोई जातुं ज नथी.' १७ डिसेंबर २०२३ ला सुरत डायमंड बोर्सचं उद्घाटन झालं. सदुसष्ट लाख चौरस फूट, नऊ टॉवर, जगातली सगळ्यात मोठी कचेरीची इमारत म्हणून गाजावाजा. आणि बाजार? तो महिधरपुऱ्याच्या गल्लीत ओटल्यावर कागदाच्या पुडीत हिरे दाखवत बसून राहिला, हलायला तयार नव्हता. मोठा खर्च केला की माल आपोआप तिथे पोहोचतो ही समजूत एकट्या वायफायवाल्यांची नाही.

दिवाळीत मुलगी आली पुण्याहून. तिची कंपनी तिला घरून काम करू देते, म्हणजे सासरहून आणि माहेरहूनही. पहिल्याच सकाळी तिची मीटिंग मागच्या खोलीत गोठली. तोंड उघडं, डोळे मिटलेले, अशा अवस्थेत तिला बंगळुरूच्या साहेबानं चार मिनिटं पाहिलं. ती बाहेर आली, फोनवर कसलं तरी अ‍ॅप घातलं आणि घरभर फिरली, वास्तुशास्त्रवाला फिरतो तशी. टीव्हीपाशी उणे अडतीस. जिन्यात उणे बावन्न. ओट्यापाशी उणे एक्क्याऐंशी.

'म्हणजे दुप्पट वाईट?' मी विचारलं.

'वीस हजारपट,' ती म्हणाली.

मला वाटलं पोरगी संतापून बोलतेय. नाही. हा डेसिबलचा हिशेब आहे. तीननं घसरलं की ताकद निम्मी, दहानं घसरलं की दहावा भाग, वीसनं शंभरावा. अडतीसपासून एक्क्याऐंशीपर्यंत त्रेचाळीस. म्हणजे टीव्हीपाशी जेवढा जोर, त्याचा वीस हजारावा भाग आमच्या ओट्यापाशी पोहोचत होता. व्हिडिओवर नीट बोलायचं तर उणे सदुसष्टच्या आसपास तरी हवं, ऐंशीच्या पुढे सगळा देवाचा भरवसा.

'आई इथे तीन वर्षं धंदा करतेय? आणि तिनं सांगितलं नाही तुम्हाला?'

'सांगितलं होतं.'

'मग?'

'मला हॉलमध्ये येत होतं.'

ती काही बोलली नाही. तिनं कंपनीला फोन लावला. तोच पोरगा आला, मधल्या काळात त्याला मिशी आली होती. मुलीनं त्याला जिन्याच्या मधल्या वळणावर उभं केलं आणि वर, कानाच्या वर हात करून म्हणाली, 'इथे.' पोरगा म्हणाला, 'पर काका ने ही टीवी के पीछे बोला था.' मी वर्तमानपत्रात डोकं घातलं.

रो-हाउसचा जिना ही मोठी सोयीची वस्तू आहे, हे मला घर बांधून बारा वर्षांनी कळलं. तीन मजल्यांत स्लॅबला पडलेलं ते एकमेव भोक. माणसं चढतात तिथून लहरही चढते. घराचा पोटमध्य, उंचावर, मोकळ्यावर, पुढे ताटं नाहीत की आरसा नाही. पोरानं फायबरची बारीक पांढरी तार छताच्या कडेनं नेली. कोपऱ्यात ती काटकोनात दुमडायची नाही, गोल वळवायची, कारण आत काच आहे आणि फार दुमडलं की उजेड बाहेर गळतो. आतली काचेची तार सव्वाशे मायक्रॉनची, जाडसर केसाएवढी. संक्रांतीला, म्हणजे आमच्या उत्तरायणाला, अर्ध्या सोसायटीचं नेट का मरतं ते तेव्हा समजलं. गच्च्यांवरून लोंबणाऱ्या या तारांत काच लावलेला सुरती मांजा अडकतो आणि पोरं दोन्ही टोकांनी ओढतात. काचेला काच. १५ तारखेला, वाशी उत्तरायणाच्या दिवशी, कंपनीचा फोन कुणी उचलत नाही, कारण उचलणाराही गच्चीवरच असतो.

जिन्यातला डबा सुरू झाला आणि मोजलं. हॉलमध्ये उणे पन्नास, वरच्या खोल्यांत साठच्या आत-बाहेर. ओट्यापाशी उणे एकाहत्तर. वीस हजारावरून प्रकरण खूपच उतरलं. तरी सदुसष्ट नाहीच, मधे मांडणी.

आणि मग आमच्या पोरीनं जे केलं त्यानं माझ्यातला खर्चिक आधुनिक माणूस दुखावला. तिनं वायर टाकली. वायरलेससाठी! कॅट सिक्सची साधी निळी वायर, अठरा मीटर, जिन्यापासून स्कर्टिंगच्या कडेनं, दाराच्या चौकटीवरून मांडणीच्या पलीकडे. तिच्या टोकाला तो चौदाशेचा एक्स्टेंडर. त्याच्या बुडाशी वायरचं भोक होतं, ते मी चार्जिंगचं समजत होतो. सेटिंगमध्ये जाऊन त्याला अ‍ॅक्सेस पॉइंट केलं, म्हणजे आता त्यानं हवेतून ऐकायचं नाही, वायरीतून यायचं ते पसरायचं. पोहऱ्याला आड मिळाला. टीव्हीलाही वायरच लावली. जी वस्तू बारा वर्षं भिंतीवरून हललेली नाही तिला हवेतून नेट कशाला, हा तिचा प्रश्न. मला उत्तर सुचलं नाही. अशा वायरीतून शंभर मीटरपर्यंत गिगाबिट आरामात जातं, आणि शेजारच्या तेवीस घरांचा तिला उपद्रव नाही.

निळी वायर दिसते. पाहुण्यांना दिसते. पांढऱ्या भिंतीवर ती शस्त्रक्रियेच्या टाक्यासारखी दिसते. घर बांधताना स्लॅब भरायच्या आधी मजल्यामजल्यातून एक रिकामा प्लास्टिकचा पाइप टाकला असता तर ती दिसली नसती. त्या पाइपाला किती लागले असते? पीओपीच्या छतात मधोमध जो एक मोर काढलाय, त्याच्या पिसाऱ्याच्या एका पिसाएवढे. बिल्डरनं विचारलं नाही, मिस्तरीनं विचारलं नाही, इलेक्ट्रिशियननं हॉलमध्ये सात लाइटचे पॉइंट काढले आणि मागे एक. आणि मी त्या दिवशी मोराच्या डोळ्याचा रंग ठरवत होतो.

आता दुपारी स्वयंपाकघरातून व्हिडिओ जातात. मुलगी पुण्याला गेली. बायकोचा गट बारा जणींवरून चाळीसवर गेला, तीनशेचा प्लॅन पुन्हा शंभरचा केला, कुणाला फरक कळला नाही. आईची मांडणी जागची हललेली नाही. उलट जिन्यातल्या डब्यालाही आता गुरुवारी हळदीकुंकू मिळतं, त्यामुळे त्याचे हिरवे दिवे पिवळे दिसतात. मला हॉलमध्ये रेंज पूर्वीपेक्षा एक रेघ कमी येते. तक्रार केली तर बायको म्हणते, 'ओटल्यावर जाऊन बघा. तिथे चांगली येते.'

हे वाचून झालं की उठा आणि तुमचा राऊटर कुठे आहे ते बघा. टीव्हीच्या मागे असेल. फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात जा, ओट्यापाशी उभे राहा आणि मोजा. आणि ज्यांच्या घराचा स्लॅब अजून भरायचा आहे त्यांनी आजच मिस्तरीला फोन करा. एक इंची पाइप, प्रत्येक मजल्यावर, जिन्यापासून मागच्या भिंतीपर्यंत.